स्टिअरिंगला बांधलेली चिंधी

आमच्या जीपच्या गिअरबॉक्सचं तेल किलोमीटर मोजून बदललं जायचं नाही. चाचा म्हणतील तेव्हा बदललं जायचं. चाचा म्हणजे अण्णांच्या जीपचे मिस्त्री आणि अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरला रेणापूर नाक्याजवळ चाचांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याला भिंत लागून आमचं घर. अण्णांची जीप भाड्यानं चालायची. ती बिघडली की चाचा नुसता आवाज ऐकून सांगायचे, कुठं दुखतंय. अण्णा स्टँडवर छाती काढून म्हणायचे, "हा माणूस हाय म्हणून माझी गाडी हाय."

मी सहावी-सातवीत असल्यापासून शाळेतून आले की दप्तर टाकून गॅरेजात. पोरीच्या जातीला ग्रीसमध्ये हात घालायला लाज वाटत नाही का, असं आई रोज विचारायची. मला नाही वाटायची. चाचा मला हाकलायचे नाहीत, फार तर म्हणायचे, "बेटा, लांबून बघ. फ्रॉक खराब झाला तर तुझी अम्मी माझं डोकं खाईल."

तेल बदलायची त्यांची रीत मला आजही तोंडपाठ आहे. आधी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायची, कारण थंड तेल गुळाच्या पाकासारखं, खाली यायलाच तयार नसतं. मग सपाट जागेवर उभी करायची. मग गिअरबॉक्सचा वरचा नट, म्हणजे ज्यातून तेल भरायचं तो, आधी सैल करून बघायचा. तो सुटला तरच खालच्या नटाला पाना लावायचा. "खालचा आधी खोललास आणि वरचा जाम निघाला, तर सगळं तेल जमिनीवर आणि गाडी तिथंच. भरायची वाट बघितल्याशिवाय रिकामं करायचं न्हाई." हे ते दर वेळी म्हणायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे. मग खाली आलेलं तेल दोन बोटांत चोळायचे. काळं म्हणजे म्हातारं. बोटावर सोनेरी कण चमकले तर आतलं पितळ झिजतंय. आणि दूध घातलेल्या चहासारखं आलं तर आत पाणी शिरलंय, मग एक दिवसही थांबायचं नाही. नवं तेल नव्वद नंबरचं. वरच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरायचं, ओघळलं की बस.

आणि यात एक काम कधी चुकायचं नाही. तेल काढायला घेतलं की चाचा स्टिअरिंगला एक चिंधी बांधायचे. तेलकट, काळी, कुणाच्या तरी जुन्या लुंगीची. चिंधी दिसली की त्या गाडीला कुणीही चावी लावायची नाही. तेल भरून झालं की चाचा स्वतः ती सोडणार, दुसरं कुणी नाही. नाक्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना हा कायदा ठाऊक होता. मलाही होता. मलाही होता, हे दोनदा लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी नववीत होते त्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते. आमच्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, चाचांच्या गॅरेजची मागची भिंत बसली. पण आम्ही सगळे सुखरूप होतो. माझी आत्या औशाच्या पुढं एका खेड्यात दिली होती. ती ढिगाऱ्यातून निघाली, पायाला मोठी जखम घेऊन. तिचं घर, तिची सासू, दोन्ही गेली. ती अण्णांची एकुलती एक बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. अण्णांनी तिला कडेवर वाढवलेली. तिनं लातूरला यायला नकार दिला. माणसं इथं मातीखाली आहेत आणि मी भावाकडं जाऊन जेवू का, असं म्हणाली.

त्यानंतरचे तीन आठवडे अण्णा घरी फक्त अंघोळीला यायचे. जीप रोज तिकडं. कधी भाकरी, कधी चादरी, कधी माणसं. पाऊस थांबत नव्हता, ओढे भरलेले, जीप पाण्यातून जायची. अष्टमीच्या दुपारी अण्णा आले आणि चाचांना म्हणाले, "उस्ताद, गिअर टाकताना कडकड करून राहिलाय. बघता का?" एवढं बोलून आत जाऊन आडवे झाले, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत उठले नाहीत.

चाचांनी जीप आमच्या अंगणातच उभी केली, कारण गॅरेजात अजून विटा पडलेल्या. खालचा नट काढला. तेल आलं ते चहाच्या रंगाचं. चाचांनी बोटं चोळली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "बघ, पाणी. सगळा गाळ टपकू दे. सकाळी भरतो."

तेवढ्यात आई आली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. अण्णांचे पाने, जॅक, हातोडी आणि त्यांच्यासोबत चाचांचेही पाने. हे किती वर्षं चाललेलं कोण जाणे. चाचा स्वतःच आपली पेटी धुऊन आणून द्यायचे. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उठवायचं, मध्ये हात लावायचा नाही. आई जरा अडखळत म्हणाली, "भाऊ, उद्या पाने पूजेला..." चाचा हसले. "हाव की भाभी. मी भुललो काय? नवमीला हात लावत न्हाई मी. दसऱ्याला सकाळी भरतो. दोन दिवस टपकलं तर चांगलंच हाय." आणि त्यांनी माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांसमोर, स्टिअरिंगला चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या.

नवमीला सकाळी जीप धुवायचं काम माझं. मी ती तीन बादल्या पाण्यानं धुतली. चिखल निघता निघेना. आई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "ती घाण चिंधी काढ की. हळदीकुंकू लावायचं आणि वर ते काय भूत बांधलंय." मी म्हणाले, चाचांची आहे. आई म्हणाली, मग धुऊन पुन्हा बांध. यात आईचा काही दोष नाही. तिला तो कायदा माहीत नव्हता, ती कधी गॅरेजात गेली नव्हती. मला माहीत होता. मी गाठी सोडल्या. माझ्या शाळेच्या कपड्यांच्या साबणानं ती चिंधी दोनदा घासली, काय हौस होती कोण जाणे, आणि दोरीवर टाकली. वाळली की बांधू. स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला. जीप नव्या नवरीसारखी दिसत होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुपारी एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. आत्याला ताप भरला होता, जखम चिघळली होती, कॅम्पातले डॉक्टर लातूरला न्या म्हणत होते आणि तिथली गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली. अण्णा झोपेतून उठले ते चप्पल घालतच बाहेर आले. मी त्या वेळी शेजारच्या गच्चीवर होते, राहिलेला झेंडू द्यायला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं तर अण्णा वळण घेत होते. त्यांनी स्टिअरिंगकडं बघितलं असणार. चिंधी नाही, हार आहे, म्हणजे उस्तादानं तेल भरलं. दुसरं काय वाटणार?

मग मला दोरी दिसली. दोरीवर चिंधी.

इथं माझ्याकडं वेळ होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चाचा पन्नास पावलांवर, गॅरेजच्या मागच्या बाजूला विटा उचलत होते, त्या आवाजात त्यांना जीप ऐकू गेली नसणार. मी जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी कुणाची तरी मोटारसायकल घेऊन अण्णांना औशाच्या आत गाठलं असतं. मी गेले नाही. मला वाटलं, थोडं तेल राहिलंच असेल आत. मला वाटलं, काही होणार नाही आणि उगाच मार मिळेल. मी खाली आले आणि आईला पुरणाची डाळ वाटून देऊ लागले.

औसा सोडल्यावर गिअरबॉक्स ओरडायला लागला होता, असं अण्णा नंतर सांगायचे. पण बहीण तापलेली, कोण थांबतो. आणखी काही किलोमीटरवर तो जाम झाला. सणाचा दिवस, रस्त्याला गाडी नाही. अण्णा हात करत उभे राहिले, मग चालत निघाले, मग एक ट्रक मिळाला. ते पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आत्या गेलेली होती.

ती वाचली असती का? मी आयुष्यभर हा प्रश्न फिरवून फिरवून बघितला आहे. कदाचित नसती वाचली. पण "कदाचित" या शब्दावर माणसाला झोप लागत नाही.

तिला तिथंच अग्नी देऊन अण्णा दसऱ्याच्या दुपारी परत आले. जीप ट्रकला दोर बांधून ओढत आणली होती. स्टँडवरचे सात-आठ ड्रायव्हर सोबत होते. कुणी आपट्याची पानं काढली नाहीत. चाचा धावत आले. त्यांनी आईच्या देव्हाऱ्यासमोरून आपला पाना उचलला, हळदीकुंकवाचा तसाच, आणि जीपखाली गेले. वरचा नट काढून आत बोट घातलं. कोरडं. ते बाहेर आले, उभे राहिले. स्टिअरिंगवरचा सुकलेला हार बघितला. मग त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. मग माझ्यावर. मी दारात खांबाला धरून उभी होते.

अण्णांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. चाचाच बोलले. "माझी चूक. चिंधी बांधायची भुललो."

 चाचा तसेच उभे होते, अण्णांच्या तोंडाकडं बघत.  मग अण्णांनी त्यांच्या हातातला पाना हिसकून रस्त्यावर फेकला आणि म्हणाले, "माझी बहीण खाल्ली तू. पुन्हा माझ्या दारात दिसू नको."

चाचांनी पाना उचलला, सदऱ्याला पुसला आणि गेले. त्या क्षणी माझ्या तोंडात शब्द होता. तो मी गिळला. चौदा वर्षांची होते, घाबरले होते, सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशीही मी चौदा वर्षांचीच होते, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही, आणि मग पंधरा, वीस, पंचवीस. भीतीला किती वर्षं माफी असते?

नाक्यावर नाव एकदा गेलं की गेलं. हा तेल काढून विसरतो, माणूस मारला यानं, असं म्हणत ड्रायव्हर दुसरीकडं जाऊ लागले. वर्षभरात चाचांनी पत्रे उतरवले. नांदेडकडं बिलोलीला त्यांची सासुरवाडी, तिकडं गेले, असं कळलं.

पुढं लातूरचं रूपच बदललं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पोरं येऊ लागली आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतून आई-बाप आपली लेकरं घेऊन उतरू लागले. अण्णांनी जीप दुरुस्त करून घेतली आणि तीच जीप आता ट्रंका, गाद्या आणि रडवेली पोरं स्टँडवरून खोल्यांवर पोचवायची. अण्णा म्हणायचे, "भूकंपानं माणसं नेली, क्लासनं आणली." मीही त्याच लाटेत शिकले, फिजिक्स केलं आणि नांदेडला एका क्लासमध्ये शिकवायला लागले. दीडशे पोरांसमोर माइक लावून घर्षण शिकवायचे. दोन धातूंमध्ये तेलाचा पातळ थर नसेल तर काय होतं, हे फळ्यावर काढून दाखवायचे. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

मी एक जुनी गाडी घेतली होती. एक दिवस ती दुसऱ्या गिअरला कडकड करायला लागली. देगलूर नाक्याच्या बाजूला गॅरेजांची रांग आहे, तिथं घेऊन गेले. एका शेडसमोर एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या स्टिअरिंगला चिंधी बांधलेली होती. मी गाडी तिथंच थांबवली.

चाचा आतून आले. दाढी पांढरी झाली होती, पाठीत वाकले होते. मला क्षणात ओळखलं. "अरे, बेटा! फ्रॉक कुठं गेला?" मी इथं क्लासमध्ये शिकवते, असं सांगितलं, तसे ते गाडीकडं वळले. "तेल कधी बदललं?"

"आठवत नाही."

"वा! पोरांना शिकवते म्हणे, अन् स्वतःच्या गाडीचं तेल कधी बदललं ठाऊक न्हाई."

त्यांनी गाडीला चिंधी बांधली. वरचा नट सैल केला, मग खालचा. तेल टपकत होतं तेव्हा मी स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं. ते डब्यातल्या धारेकडं बघत राहिले.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "चिंधी तुमच्या दोरीवर होती. धुतलेली, स्वच्छ. मी उभ्या जिंदगीत कधी चिंधी धुतली न्हाई."

"मग तुम्ही का..."

"तुझ्या बापाची बहीण गेली होती त्या दिवशी. त्याची पोरगी पण त्याच्यापासून काढून घ्यायची का मी?"

मी म्हणाले, मी आता अण्णांना सांगते, आजच फोन करते. चाचांनी मान हलवली. "आता काय देशील त्याला? बहीण परत देशील? म्हातारा झालाय. राहू दे." आणि मी राहू दिलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ज्याचं मी वाटोळं केलं, त्यानंच मला गप्प राहायची परवानगी दिली आणि मी ती पदरात घेतली. या गोष्टीची मला जास्त लाज वाटते, चौदाव्या वर्षाच्या गोष्टीपेक्षाही.

त्यानंतर दर वर्षी, खंडेनवमी झाली की, मी तेल बदलायला चाचांकडं जायचे. गरज असो-नसो. ते बोटं चोळून म्हणायचे, "अजून चांगलं हाय, कशाला आलीस?" आणि तरी बदलून द्यायचे. अण्णांविषयी एकदाच विचारायचे, निघताना. "बरा हाय ना तो?"

तीन वर्षांनी अण्णा गेले. अंगणात बसल्या बसल्या, चहा हातात असताना. मी चाचांना फोन केला. ते दहाव्याला आले, नांदेडहून एसटीनं, पांढरा सदरा घालून. आत आले नाहीत. फाटकापाशी उभे राहिले, जिथं जीप उभी असायची तिथं. मांडवात कुजबुज सुरू झाली. माझा चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, "याला कुणी बोलावलं? आत्याला खाऊन पोट भरलं न्हाई का?"

मी उठले. माझा आवाज दीडशे पोरांपर्यंत पोचायची सवय असलेला. मी म्हणाले, चिंधी चाचांनी बांधली होती. माझ्यासमोर बांधली होती. मी सोडली, मी धुतली, मी दोरीवर टाकली. अण्णा निघाले तेव्हा मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. आत्या माझ्यामुळं गेली.

 मला वाटलं, आता कुणी तरी माझ्या अंगावर येईल. यावं, अशी इच्छा होती. पण स्टँडवरचे एक म्हातारे ड्रायव्हर उठून माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "लेकीचं मन बघा. बाप गेला अन् ही वैर मिटवून राहिली." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, आम्ही तिथंच होतो त्या दिवशी. तो स्वतःच्या तोंडानं म्हणला, भुललो. माणूस असली गोष्ट खोटी कशाला सांगंल?" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तू बस. तुला तरास झालाय." मी आईकडं बघितलं. ती खाली बघत होती.

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. त्यांनी मला पाणी दिलं.

फाटकाकडं बघितलं तर चाचा निघून गेले होते. मी अनवाणी धावले. नाक्यावरच्या लिंबाखाली ते एसटीची वाट बघत उभे होते.

"का बोललीस?" त्यांनी विचारलं. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"कुणी खरं मानलं नाही, चाचा."

"मानणार न्हाईत. इतक्या वर्षांनी?" ते हसले, पण हसणं तोंडावर टिकलं नाही. समोर त्यांच्या गॅरेजच्या जागी आता चार मजली होस्टेल उभं होतं आणि खिडक्यांत पोरांचे टॉवेल वाळत होते. चाचा त्या टॉवेलांकडं बघत राहिले.

"लोकांचं मला काही वाटलं न्हाई, बेटा," ते म्हणाले. "गॅरेज गेलं, त्याचंही न्हाई. पण त्या दिवशी मी भुललो म्हणलो ना, अन् तुझ्या अण्णाच्या तोंडाकडं बघत थांबलो. मला वाटलं, तो म्हणेल, उस्ताद, तुम्ही? तुम्ही भुलणार न्हाई. एवढंच म्हणेल. मग मी खोटं रेटलंच असतं, तुझ्यासाठी. पण त्यानं एकदा म्हणावं, म्हणून थांबलो होतो." त्यांनी डोळे सदऱ्याच्या बाहीनं पुसले. "त्यानं लगेच खरं मानलं."

नांदेडची गाडी आली. मी त्यांचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं. खिडकीतून त्यांनी विचारलं, तेल बदलून किती महिने झाले, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "नवमी झाली की ये." गाडी निघाली. मी अनवाणी तशीच उभी होते आणि मांडवातून कुणी तरी मला बोलवायला येत होतं.